खाऱ्या वाऱ्यातली तीन ट्रॅकची खिडकी

गोव्यात मिरामार, कळंगुट, कोळवा अशा समुद्राला लागून असलेल्या भागात लाकडी खिडकी पावसाळ्यात फुगते, लोखंडी गंजते. त्यामुळे दोन काचा आणि एक जाळी असलेली ॲल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी हीच तिथली सोय. धातूबद्दल तक्रार नाही: हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो, ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो. मात्र मिठातलं क्लोराइड या थराला बारीक टोचे पाडतं, म्हणून नुसता चंदेरी सेक्शन (चौकटीची ॲल्युमिनियमची पट्टी) इथे घेऊ नये. 25 मायक्रॉनचं ॲनोडायझिंग (विजेनं जाड केलेला ऑक्साइडचा थर) किंवा 60 ते 80 मायक्रॉनचं पावडर कोटिंग मागा. सेक्शन 6063 मिश्रधातूचा, दीड मिलिमीटर जाडीचा. दुकानातच व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून बघा.

एवढं करूनही खिडकी बिघडते ती स्क्रूपायी. जस्ताचा मुलामा असलेला लोखंडी स्क्रू स्वस्त पडतो. मुलामा संपला की खाऱ्या ओलीत लोखंड आणि ॲल्युमिनियम यांची बॅटरी होते आणि त्यात झिजतं ॲल्युमिनियम. स्क्रूच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसते, कोटिंग फुगतं, मग भोक मोठं होऊन स्क्रू नुसताच फिरतो. 316 स्टेनलेसचे स्क्रू, खाली नायलॉनचा वॉशर. फॅब्रिकेटरच्या डब्यातल्या स्क्रूला लोहचुंबक लावा. कडकडून चिकटला तर तो नको.

दुसरा शत्रू सिमेंट. ओल्या गिलाव्यातला अल्कली ऑक्साइडचा थर विरघळवतो आणि कायमचे पांढरे डाग पाडतो. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीत चौकट गिलाव्यानंतरच बसवावी, नाहीतर टेप लावून झाकावी. (चिरा आणि ॲल्युमिनियमचं खनिज बॉक्साइट खरं तर भावंडं. दोन्ही मुसळधार पावसानं धुऊन निघालेल्या खडकाची, आणि गोव्याच्या सड्यांवर बॉक्साइटही सापडतं.) बाजूला थोडी फट ठेवून सिलिकॉन भरा: दीड मीटरचा सेक्शन 30 अंशांच्या फरकानं साधारण एक मिलिमीटर वाढतो.

खालच्या ट्रॅकला बाहेरून पाणी जायची भोकं आहेत ना, पाहा. काही ठिकाणी तीच सिलिकॉननं बुजवलेली असतात. मग जुलैत ट्रॅक भरून पाणी खोलीत येतं.

महिन्यातून एकदा गोड्या पाण्यानं पुसा, ट्रॅकमधली वाळू ब्रशनं काढा, म्हणजे चाकं अडत नाहीत. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) साफसफाईत संडासाचं ॲसिड किंवा धुण्याचा सोडा मात्र या खिडकीजवळ नेऊ नका.