धान्याचं पोतं की रोख पैसे?

भाचीच्या संस्थेत सध्या हाच वाद चाललाय: परदेशातल्या दुष्काळग्रस्तांना धान्य पाठवायचं की रोख रक्कम?

आधी खर्च. अमेरिकेच्या सरकारी धान्यमदतीतला निदान निम्मा माल अमेरिकी जहाजांतूनच नेण्याचं बंधन आहे. भुकेल्याच्या वाट्याचा पैसा भाड्यात जातो. रोख रकमेला जहाज लागत नाही.

राजकारणाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी भारताचा गहू महिन्यामहिन्याच्या हिशेबाने सोडला; व्हिएतनाम युद्धावरची आपली टीका त्यांना खुपत होती, हे त्याचं एक कारण. १९७२ मध्ये रेशनवर आलेल्या लाल मिलोची, म्हणजे अमेरिकी ज्वारीची, भाकरी थापताना तुटायची, हे आई अजून सांगते. देणाऱ्याकडे जे असेल, ते घेणाऱ्याच्या ताटात. रोख मदतही यातून सुटत नाही. लाभार्थ्यांच्या यादीत गावपुढारी हात घालतोच.

स्थानिक शेतकरी? बाहेरचं फुकट धान्य ऐन सुगीत उतरलं की त्याचा भाव पडतो. रोख रक्कम त्याच्याच मालाला गिऱ्हाईक देते.

बाजारात धान्य आहे पण हातात पैसा नाही, तिथे रोखच द्या. रस्ते तुटलेत, दुकानं रिकामी आहेत, तिथे पोतंच हवं, शक्यतो शेजारच्या भागातून घेतलेलं.