अल्ट्रामॅट २३: पेटी चोख, पण आधी नळी सांभाळा

बॉयलरच्या चिमणीतले कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड एकाच रॅकमध्ये मोजायचे असतील, तर सीमेन्सचा अल्ट्रामॅट २३ हा गॅस ॲनलायझर घ्यायला हरकत नाही. इन्फ्रारेडवर तीन वायू, शिवाय ऑक्सिजन. ऑक्सिजनला मात्र वेगळा सेन्सर लागतो, कारण ऑक्सिजन आणि नायट्रोजन हे वायू इन्फ्रारेड शोषतच नाहीत. इलेक्ट्रोकेमिकल सेल स्वस्त, पण साधारण दोन वर्षांत बदलावा लागतो. ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो यावर चालणारा पॅरामॅग्नेटिक सेन्सर महाग, पण टिकाऊ.

याचा डिटेक्टर खास आहे. जो वायू मोजायचा तोच त्यात भरलेला असतो. चॉपरने, म्हणजे फिरत्या चकतीने, तुटक केलेला किरण चिमणीतला गॅस भरलेल्या सॅम्पल सेलमधून येतो आणि हा भरलेला वायू तापतो, निवतो. डिटेक्टरच्या थरांमधल्या दाबाच्या फरकाने जो बारीकसा प्रवाह वाहतो, तो निकेलच्या दोन तापलेल्या जाळ्या पकडतात. चिमणीत वायू जास्त, तर किरण सेलमध्येच खर्ची पडतो आणि प्रवाह मंदावतो.

खरा शत्रू पाण्याची वाफ. नायट्रिक ऑक्साइड ५.३ मायक्रॉनला शोषतो, सल्फर डायऑक्साइड ७.३ ला, आणि वाफेचा रुंद पट्टा या दोघांच्या अंगावर येतो. ॲनलायझरच्या आधी बसवलेल्या कूलरने गॅस ५ अंशांपर्यंत थंड केला तरी गॅसमध्ये सुमारे ०.८७ टक्के, म्हणजे ८,७०० पीपीएम (दहा लाखांत तेवढे भाग) वाफ उरतेच. म्हणून कूलर किती थंड करतो यापेक्षा तो एका तापमानाला ठाम राहतो का, ते बघा. तो दोन-तीन अंश हलला की रीडिंगही हलतं, आणि दोष उगाच ॲनलायझरला लागतो.

ऑटोकॅल, म्हणजे आपोआप होणारं कॅलिब्रेशन, ही या पेटीची सर्वात मोठी सोय. ठरवलेल्या वेळी आजूबाजूची हवा आत ओढून ती झिरो लावून घेते, ऑक्सिजन २०.९५ वर जुळवते. इन्फ्रारेडचा उगम थकला किंवा सेलची खिडकी थोडी मळली तरी ते यात भरून निघतं, त्यामुळे स्पॅन सिलिंडर (माहीत प्रमाणाचा तपासणी गॅस) सहा ते बारा महिन्यांनी लावला तरी चालतो. पण ती हवा बॉयलर हाउसमधली नको! तिथे कार्बन मोनॉक्साइड असला तर तोच झिरो ठरतो आणि पुढचं प्रत्येक रीडिंग तेवढं कमी दिसतं. हवा ओढणारी नळी इमारतीबाहेर काढा. कार्बन डायऑक्साइडची रेंज लहान असेल तर हवेतला तो वायू शोषून घ्यायला वाटेत सोडा लाइमही हवा.

ऑटोकॅल जे पाहूच शकत नाही ते म्हणजे सॅम्पल लाइन, चिमणीतून पेटीपर्यंत गॅस आणणारी नळी. त्यासाठी नायट्रोजनमध्ये भरलेला ४०० पीपीएम सल्फर डायऑक्साइड आधी थेट पेटीला द्या, मग चिमणीत खुपसलेल्या प्रोबपाशी द्या. थेट ४००, प्रोबवरून ३४३ आणि ऑक्सिजन ३ टक्के दिसला, तर सुमारे १४ टक्के हवा आत शिरते आहे. बहुतेक वेळा कूलरमध्ये साचलेलं पाणी (कंडेन्सेट) काढणाऱ्या पेरिस्टाल्टिक पंपाची नळी चिरलेली असते. पंपाच्या रोलरखाली ती जिथे चेपते तिथे बोटाने चाचपून बघा. ऑक्सिजन शून्य असूनही सल्फर डायऑक्साइड कमी दिसत असेल, तर गळती नाही, पाणी वायू खातंय: हीटेड लाइनचा, म्हणजे गरम ठेवलेल्या सॅम्पल लाइनचा, कुठला तरी तुकडा, बहुधा फिटिंगजवळचा उघडा भाग, थंड पडलाय. मात्र सल्फर डायऑक्साइड सावकाश स्थिरावतो, तेव्हा आकडा लगेच लिहू नका.

फ्लो मिनिटाला १.२ ते २ लिटर ठेवा. सुरू केल्यावर अर्ध्या तासात आकडे येतात, पण पूर्ण अचूकतेसाठी दोन तास थांबा. रिपोर्ट घनमीटरमागे मिलिग्रॅममध्ये हवा असेल तर पीपीएमला कार्बन मोनॉक्साइडसाठी १.२५ आणि सल्फर डायऑक्साइडसाठी २.८६ ने गुणा. नायट्रोजन डायऑक्साइडही मोजायचा असेल तर त्याचं नायट्रिक ऑक्साइड करणारा कन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागेल.

कचरा जाळणाऱ्या भस्मकाच्या चिमणीसाठी मात्र हा घेऊ नका. तिथे मोजायचे हायड्रोजन क्लोराइड आणि अमोनिया कूलरच्या पाण्यातच विरघळून जातात. तिथे गॅस शेवटपर्यंत गरम ठेवणारा एफटीआयआर (पूर्ण इन्फ्रारेड वर्णपट वाचणारा ॲनलायझर) हवा.