खाणीवरच्या टिपरला नायलॉन टायर की रेडियल?

टिपरच्या मागच्या चाकांना कोणते टायर घालावेत, हा प्रश्न टायर गोटा होईपर्यंत, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत होईपर्यंत, किती चालतो एवढ्यापुरता असता, तर रेडियल घ्या म्हणून मोकळे होता आले असते. नक्षीखालच्या पोलादी पट्ट्यांमुळे रेडियल रस्त्यावर सपाट टेकतो, कमी घासतो, थंड राहतो आणि डिझेलही थोडे वाचवतो. नायलॉनचे तिरपे थर आतल्या आत एकमेकांवर घासत असल्यामुळे भरलेली गाडी लांबवर वेगात नेली की तो तापतो आणि लवकर झिजतो.

माझ्या गाड्या मात्र पनवेल तालुक्यातील खाणींतून खडी आणि डबर उचलून तळोजा-उलवे पट्ट्यात उतरवतात. पल्ला छोटा असला, तरी खाणीतली वाट सगळी फुटलेल्या काळ्या दगडावरून जाते. सुरुंगाने फुटलेल्या या दगडाच्या कपच्या धारदार असतात आणि ओले रबर कोरड्यापेक्षा सहज कापले जाते, त्यामुळे टायरचा सर्वाधिक खर्च पावसाळ्यातच निघतो.

रेडियलबाबत मला खटकली ती त्याची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत. ती लवचीक असल्याने भार पडला की बाहेर फुगते, मागे शेजारी-शेजारी बसवलेल्या जोडीतल्या दोन टायरांमधली फट अरुंद होते आणि तिथे अडकलेला डबराचा तुकडा, क्लीनरच्या लक्षात येऊन तो पहारीने काढेपर्यंत, दोन्ही बाजू कोरून ठेवतो. नक्षीत बोटाचे पेर बुडावे इतकी खोली शिल्लक असलेला टायर भंगारात देताना फार जिवावर येते. नक्षीवरचा कापही तारांपर्यंत गेला की पाणी शिरते, तार गंजते आणि जुन्या टायरवर नवी नक्षी चढवून देणारा रिमोल्डवाला केसिंग (टायरचा मूळ सांगाडा) परत करतो.

नायलॉनची जाड साइडवॉल असले घाव बऱ्यापैकी सोसते आणि त्याला तारेच्या गंजाची धास्तीही नाही. कापलेल्या टायरला आतून गेटर, म्हणजे जाड ठिगळ, लावून तो खाणीपुरता वापरता येतो, हमरस्त्यावर मात्र तसा चालवू नये. चालक धक्क्यांबद्दल कुरकुरतात आणि ती तक्रार रास्तच आहे. तरीही माझ्या अनुभवात नायलॉन निदान नक्षी संपवून मरतो, म्हणून कमी आयुष्याचा टायरच मला शेवटी स्वस्त पडला असे वाटते.

ज्यांची गाडी खाणीत फक्त भरायला शिरते आणि बाकी दिवस ठाणे-बेलापूर रस्त्यासारख्या पक्क्या वाटेवर धावते, त्यांचा हिशेब वेगळा असू शकतो. त्यांना मी नायलॉनचा आग्रह करणार नाही. एका एक्सलवर दोन्ही प्रकार मिसळणे मात्र कोणीच करू नये. नायलॉन घ्यायचे ठरलेच, तर कळंबोलीत पैसे मोजण्यापूर्वी साइडवॉलवरचे निर्मितीचा आठवडा आणि साल सांगणारे चार अंक वाचावेत. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. रेडियलची मागणी वाढल्यापासून नायलॉनचा माल दुकानात पडून राहण्याचा संभव अधिक असतो.