विद्यापीठ रस्त्यावरचं झेरॉक्सचं दुकान : परदेशी भाडेकरूच्या परतीचे कागद

छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबाद) मकई गेटकडून विद्यापीठाकडं जाताना झेरॉक्सची दुकानं लागतात. त्यातल्या एका अरुंद दुकानाबाहेर निळी ताडपत्री बांधलेली आहे. पाटीवर ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म’ एवढंच, पण परदेशी पोरांचे कागद करावेत तर इथंच. आमच्या वरच्या खोलीतल्या सिरियन मुलाच्या परतीचं काम ह्यांनीच केलं.

मुलगा होम्सचा. मला खाला म्हणायचा. शिकायला म्हणून आला, व्हिसा संपला तेव्हा तिकडं युद्ध चालूच होतं, मग दिल्लीला जाऊन यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेचं, निर्वासित कार्ड काढून आणलं. ८ डिसेंबर २०२४ ला सिरियात बशर अल-असदची राजवट कोसळली आणि घरचे फोन सुरू झाले. २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत दहा लाखांवर सिरियन बाहेरदेशांतून परतले. मग ह्याचा जीव इथं कशाला रमतो?

आधी एका एजंटाकडं विचारलं होतं. ‘एक्झिट परमिटची भानगड कशाला, विमानतळावर दंड भरला की सोडतात,’ म्हणाला आणि वर ॲडव्हान्स मागायला लागला. नाव घेत नाही, पैसेही दिले नाहीत. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळं ते कार्ड व्हिसाच्या जागी चालत नाही. व्हिसा संपलेल्यानं ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी लोकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, पोर्टलवर अर्ज करून देश सोडायचा परवाना, म्हणजेच एक्झिट परमिट, काढायचा असतो, हे झेरॉक्सवाल्याला तोंडपाठ होतं.

पण फॉर्म उघडायच्या आधी त्यानं मलाच विचारलं, ‘मावशी, पोरगं सोताहून जायलंय, का कुणी घाई करायलंय?’ म्हटलं, खोली खाली करून घेतेय असा संशय आला की काय! नंतर कळलं, यूएनचे लोकही स्वेच्छेनं परतणाऱ्याला हेच विचारतात : मनानं जातोयस ना, तिकडची खरी परिस्थिती माहीत आहे ना? तामिळनाडूतल्या छावण्यांमधून श्रीलंकेच्या तमिळांना परत पाठवायला लागले, तेव्हा लोक खरंच राजीखुशीनं जातात का यावर गदारोळ झाला होता. शेवटी १९९२ मध्ये यूएनएचसीआरला ते तपासायची मुभा मिळाली.

दुकानदारानं त्याला सरळ सांगितलं, ह्या परवान्यावर गेलास की परत यायला नवा व्हिसा लागेल. तुर्कस्तानातल्या सिरियन कुटुंबांना २०२५ च्या पहिल्या सहामाहीत घरटी एकाला तीनदा जाऊन बघून यायची सवलत होती, इथून तसं काही नाही. ‘आधी बापाला फोन कर. छत हाय का, पाणी येतं का, लाइट किती तास, समदं इचार. मग ये.’ गिऱ्हाईक दारातून परत पाठवणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही. पोरगं फोन करून आलं. एका खोलीवर पत्रे टाकलेत, बाकीचं मी गेल्यावर बघू, म्हणाला. तेव्हा कुठं फॉर्म उघडला.

माझ्या सासूबाई रझाकारांच्या काळात तुळजापूरकडून बार्शीला गेल्या होत्या, मुंबई इलाख्यात. पोलीस ॲक्शननंतर गाडी जुंपून परत आल्या. कागद कुणी मागितला नाही, पण पेवातलं धान्य गेलेलं होतं, हे त्या मरेपर्यंत सांगायच्या.

आता कामाबद्दल. पासपोर्ट, निर्वासित कार्ड आणि आमचा भाडेकरार त्यानं काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले, वर प्लास्टिकची पट्टी धरली आणि नावाचं एकेक अक्षर जुळवत गेला. कार्डावर बापाच्या नावात एक ‘ए’ जास्त निघाला. तिथंच खुलाशाचं पत्र टाइप करून जोडलं. तिकीट घेताना रद्द केल्यास पैसे परत मिळतील असंच घ्यायला लावलं, कारण परवान्याची तारीख आपल्या हातात नसते. पदवीचंही त्यानंच सुचवलं : सिरिया अपोस्टिलच्या करारात (एका शिक्क्यावर कागद दुसऱ्या देशात चालवून घेण्याच्या) नाही, तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर दिल्लीतल्या सिरियन वकिलातीचाही शिक्का लागतो. तो इथं असतानाच घेतलेला बरा. तिकडून कुरियरनं कोण करत बसणार?

तक्रारीही आहेत. स्कॅनर जुना आहे, फोटो काळपट येतात. फोटो दुसरीकडं काढा. बसायला एकच स्टूल, आणि त्यावर बहुतेक वेळा कागदाचे रिम असतात. मराठी भाडेकराराचं इंग्रजी भाषांतर त्यांनी केलं ते मला पुन्हा दुरुस्त करावं लागलं, ‘अनामत’ला भलतंच काहीतरी लिहिलं होतं. दर मात्र वाजवी, आणि सांगितला तेवढाच घेतला. पाचपैकी चार.

शुक्रवारी दुपारी बंद असतं. आणि परदेशी भाडेकरू ठेवणाऱ्यांनो, सी फॉर्म, म्हणजे परदेशी माणूस आपल्याकडं उतरल्याची सरकारला द्यायची नोंद, तो राहायला आल्यापासून चोवीस तासांत ऑनलाइन भरायचा असतो. त्याची छापील प्रत घेऊनच जा, दुकानदार पहिल्यांदा तीच मागतो.