दा यूचे समाधीस्थळ, शाओशिंग: समाधी नसलेल्या समाधीची भेट

चीनच्या चच्यांग प्रांतातील शाओशिंग शहराच्या आग्नेयेस, क्वायची डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या दा यूच्या, म्हणजे महापूर आवरणाऱ्या दंतकथेतल्या ‘थोर यू’ राजाच्या, समाधीस्थळी जाणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी, की येथे समाधी दिसत नाही. मंडपाखाली एक उंच शिलापट आहे, त्यावर मिंग काळातील (इ.स. १३६८–१६४४) शाओशिंगचा प्रशासक नान दाजी याच्या हातची तीन ठसठशीत अक्षरे आहेत, आणि एवढ्यावरच समाधान मानावे लागते. भुयार किंवा दफनाच्या वस्तू पाहण्याच्या अपेक्षेने आलेला पर्यटक हिरमुसून परतेल.

तरीही स्थळ पाहण्याजोगे आहे. परंपरा सांगते, की यूचा बाप गुन नऊ वर्षे बांध घालून पूर अडवीत राहिला आणि हरला. यूने पाण्याला वाट करून दिली, तेरा वर्षे राबला, या काळात तीनदा स्वतःच्या दारावरून गेला पण आत पाऊल टाकले नाही, आणि म्हणून शुन राजाने आपली गादी त्याच्या हवाली केली. यूमंदिरातील त्याची मूर्ती राजवेषातली असली तरी तिच्या पाठीमागे रंगवलेल्या नऊ कुऱ्हाडी राजाच्या नव्हेत, डोंगर फोडणाऱ्या मजुराच्या आहेत. मला तरी मूर्तीपेक्षा त्याच अधिक बोलक्या वाटल्या. मुख्य दालन १९३०च्या दशकात काँक्रीटमध्ये नव्याने उभारलेले आहे, त्यामुळे त्यात प्राचीनता शोधू नये.

ती हवी असेल तर ‘ब्यान’ शिळेपाशी थांबावे. सुमारे दोन मीटर उंचीच्या, वरच्या टोकाला भोक असलेल्या या दगडाचा उपयोग यूची शवपेटी खाली सोडताना झाला, अशी श्रद्धा आहे. ती खरी असो वा नसो, पण इ.स.पू. २१० मध्ये चीनचा पहिला सम्राट छिन शिह्वांग क्वायचीवर येऊन यूची पूजा करून गेला आणि पुढे १६८९ मध्ये कांगशी सम्राटही आला, यावरून या जागेचा मान किती जुना आहे, ते कळते.

उणीव राहते ती राजवंशाच्या बाबतीत. यूनंतर त्याचा मुलगा छी गादीवर बसला, तेव्हापासून बापाकडून मुलाकडे राज्य जाऊ लागले आणि शिया घराणे सुरू झाले, असे मानतात. चिनी कालगणना प्रकल्पाने त्याचा आरंभ सुमारे इ.स.पू. २०७० ठरवला आहे. मात्र शिया हे नाव असलेला त्याच काळातला लेख आजवर सापडलेला नाही, आणि पूरकथेच्या वैभवात शिया घराणे खरोखर होते का, हा वाद पाहुण्याच्या लक्षातही येत नाही. यूचे नाव कोरलेला पश्चिम चौ काळातला (सुमारे इ.स.पू. १०४६–७७१) ९८ अक्षरांचा कांस्यलेख पेइचिंगच्या पॉली संग्रहालयात आहे; इतिहासाची ओढ असणाऱ्याने दोन्ही ठिकाणे पाहावीत.

अर्धा दिवस पुरे होतो. वेळ कमी असल्यास डोंगरमाथ्यावरचा प्रचंड पुतळा खुशाल वगळावा. एप्रिलमध्ये ‘गुयू’ या पारंपरिक चिनी ऋतुपर्वाच्या सुमारास राजकीय इतमामाने पूजा होते, सोहळा पाहायचा नसेल तर तो दिवस टाळावा.