मॅकलॅरेन एफ1 जीटीआर: कोरड्यात नको, पावसात काढा

ग्रॅन टुरिस्मो 7 या रेसिंगच्या व्हिडिओ गेममध्ये ही गाडी माझ्या गॅरेजमध्ये यायला पाच महिने लागले. गेममधल्या लेजंड कार्सच्या (जुन्या, गाजलेल्या गाड्यांच्या) दुकानात ती रोज नसते. दिसली तेव्हा क्रेडिट्स, म्हणजे गेममधले पैसे, नव्हते आणि क्रेडिट्स जमले तेव्हा गाडी गायब. अखेर घेतली, आणि पहिल्या संध्याकाळी तीनदा गरगर फिरून भिंतीवर आदळलो. वाटलं, फसलो.

चूक माझीच. शाळेत असताना मित्राच्या कॉम्प्युटरवर नीड फॉर स्पीड 2 खेळायचो, तेव्हा मॅकलॅरेन एफ1 कोण घेणार यावरून अक्षरशः कॉलर धरायचो. ज्याच्याकडे ती, तो पुढे. तीच अपेक्षा घेऊन मी रेसच्या गाडीत बसलो. पण रस्त्यावरच्या एफ1ला बीएमडब्ल्यूचं 6.1 लिटरचं व्ही12 आणि 627 हॉर्सपॉवर. रेसच्या जीटीआरला नियमानुसार हवेच्या तोंडाशी रिस्ट्रिक्टर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी करणारा अडसर, त्यामुळे ताकद उलट कमी, 600च्या आसपास. थोडक्यात, नाक दाबून पळायला लावलेली गाडी. एफ1चे डिझायनर गॉर्डन मरे, त्यांनी ती मुळात रेससाठी काढलीच नव्हती. गाड्या घेतलेले हौशी लोक मागे लागले, म्हणून जीटीआर झाली.

मग एका रविवारी कस्टम रेस लावली. ल मान्स (फ्रान्समधला 24 तासांच्या शर्यतीचा ट्रॅक), रात्र, पाऊस. तिथे गाडी कळली.

ओल्यात ती आधी सांगते आणि मग घसरते. तिथल्या पोर्श कर्व्हज नावाच्या वळणांमध्ये मागचं चाक सुटायला लागलं की स्टिअरिंग हातात हलकं पडतं. तेवढ्यात ॲक्सिलरेटर थोडा सोडलात तर वाचता. घाबरून एकदम सोडलात तर संपलं. ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी मदत) शून्यावर ठेवा, नाहीतर हे काहीच जाणवणार नाही. 1995 ची ल मान्सची खरी शर्यतसुद्धा बहुतेक पावसातच झाली. याच 59 नंबरच्या गाडीत जे. जे. लेहतो रात्री असा काही चालवत होता की बाकीचे जागेवर उभे वाटावेत. सोबत यानिक दालमास आणि मासानोरी सेकिया. 298 लॅप, आणि दुसऱ्या आलेल्या कुराज या फ्रेंच गाडीवर जेमतेम एका लॅपची आघाडी. त्या कुराजमध्ये फॉर्म्युला वनचा माजी विश्वविजेता मारिओ आंद्रेत्ती होता. पदार्पणातच पहिली, तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या मॅकलॅरेन.

कॉकपिट व्ह्यूच (ड्रायव्हरच्या नजरेतून दिसणारं दृश्य) घ्या. सीट मधोमध, दोन्ही आरसे सारखेच लांब, आणि गिअर उजव्या हाताला. मी वीस वर्षं डाव्या हाताने गिअर टाकतोय. पहिला आठवडा चौथ्यात टाकायला गेलो की डावा हात आपोआप हवेत जायचा, तिथे चहाचा कप. एकदा सांडलासुद्धा. स्टिअरिंगमागच्या पॅडलवर चालवता येते, पण '95 च्या गाडीला खरा एच-पॅटर्नचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या गाडीसारखा दांड्याचा गिअरबॉक्स होता, तेव्हा गेमसाठीचा शिफ्टर (गिअरचा दांडा) असेल तर लावाच. माझा सेकंडहँड आहे. विकणाऱ्याने 'एकदम नवा' म्हणून दिला, तिसरा गिअर दोनदा मारावा लागतो.

आवाज वरच्या आरपीएमला झकास, खाली मात्र जरा पोकळ. रंग काळपट राखाडी, त्यावर मोठ्या अक्षरांत जपानमधल्या उएनो क्लिनिकची जाहिरात. आपल्याकडे एसटी स्टँडच्या भिंतीवर मूळव्याधीच्या डॉक्टरांची असते ना, तसलीच मला वाटते. ल मान्स जिंकणाऱ्या गाडीवर क्लिनिक! मला हे फारच आवडतं.

घ्यावी का? ऑनलाइन जिंकायला घेत असाल तर नको. पाऊस लावून एकट्याने फिरायला घेत असाल तर जरूर. काल अकरा लॅप काढले, एकदाही न फिरता. मुलगी मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही मधेच बसलात, मग टोलवाल्याला पैसे कोण देणार?"