पॅच-पॅकेज: जुगाडाला शिस्त लावणारं टूल

लायब्ररीतला बग दोन ओळींत सुटतो, पण मूळ प्रकल्पात पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) पडून आहे आणि रिलीज तोंडावर आलंय. मग जावास्क्रिप्ट प्रकल्पात लायब्रऱ्या जिथे उतरतात त्या नोड-मॉड्यूल्स फोल्डरमध्येच हात घातला जातो आणि नव्या इन्स्टॉलमध्ये तो बदल गायब होतो. पॅच-पॅकेज नेमकं इथे कामाला येतं.

फाईल दुरुस्त करा, 'एनपीएक्स पॅच-पॅकेज' आणि पुढे लायब्ररीचं नाव अशी कमांड चालवा. पॅचेस फोल्डरमध्ये डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची नोंद (हाच पॅच), तयार होतो, फाईलच्या नावातच व्हर्जन येतं. पॅकेज-जेसनमध्ये पोस्टइन्स्टॉलला (इन्स्टॉलनंतर आपोआप चालणारी स्क्रिप्ट) 'पॅच-पॅकेज' लिहा आणि फोल्डर गिटमध्ये कमिट करा. आता हा बदल कोड रिव्ह्यूत दिसतो, आणि याचं सगळ्यात मोठं मोल तेच.

खरा त्रास डिप्लॉयमेंटला होतो. डॉकरफाईलमध्ये (कंटेनर बनवण्याच्या सूचनांची फाईल) इन्स्टॉलच्या आधी पॅचेस फोल्डर कॉपी केलं नाही, तर बिल्ड बिनतक्रार पार पडतं आणि बग प्रॉडक्शनवर पुन्हा हजर! टूल डेव्ह-डिपेंडन्सीत (फक्त डेव्हलपमेंटपुरत्या लागणाऱ्या पॅकेजेसमध्ये) असेल आणि इन्स्टॉल करताना त्या वगळल्या, तर पोस्टइन्स्टॉलला कमांडच सापडत नाही. हे निदान बोंबलतं तरी. 'इग्नोर-स्क्रिप्ट्स' लावलं असेल तर पोस्टइन्स्टॉल चालतच नाही. शिवाय सीजेएस आणि ईएसएम (जावास्क्रिप्टच्या जुन्या-नव्या मॉड्यूल पद्धती) अशा दोन्ही बिल्ड असलेल्या लायब्ररीत बऱ्याचदा एकच फाईल दुरुस्त होते. टेस्ट पास होतात, ब्राउझरमध्ये जुनाच कोड धावतो.

पॅच लागला नाही तरी लोकल मशीनवर हे टूल शून्य कोडनेच, म्हणजे सगळं ठीक असल्यासारखंच, बाहेर पडतं. सीआयवर (आपोआप बिल्ड-टेस्ट करणाऱ्या सर्व्हरवर) मात्र अडतं. व्हर्जन बदललं पण पॅच कसाबसा बसला, तर नुसती वॉर्निंग येते, आणि वॉर्निंग वाचतंय कोण? म्हणून 'एरर-ऑन-वॉर्न' चालू ठेवा आणि डिपेंडन्सीचं व्हर्जन कॅरेट (नव्या आवृत्त्या चालू देणारं ^ चिन्ह) न लावता पक्कं लिहा.

पॅच कशासाठी, मूळ इश्यू कुठला, कधी काढायचा हे टूल विचारत नाही. पॅचेसमध्येच एक रीडमी ठेवा. 'क्रिएट-इश्यू' हा पर्याय गिटहबवर डिफसकट इश्यूचा मसुदा उघडून देतो. तो वापरत नसाल तर अर्धं टूल वाया घालवताय.

सुरक्षेच्या त्रुटीसाठी पॅच लावलात तरी एनपीएम ऑडिट (पॅकेजमधल्या त्रुटी तपासणारी कमांड) व्हर्जन पाहूनच ओरडत राहील. एनपीएमऐवजी पीएनपीएम किंवा यार्नची नवी आवृत्ती हे पॅकेज मॅनेजर वापरत असाल तर वेगळं टूल नकोच, ही सोय त्यांच्यात आहे. आणि प्रत्येक अपडेटला पॅच नव्याने बनवावा लागत असेल, तर सरळ फोर्क करा, म्हणजे लायब्ररीची स्वतःची प्रत सांभाळा.